पक्या, हॅलबद्दल तूच बरोबर होतास (बहुतेक)

पक्या,

आधी शिव्या घालून घे. सात महिने झाले तुझ्या मेसेजला उत्तर नाही, कारण असं काही नाही, राहूनच गेलं. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा आहे तसाच.

तर काल रात्री '२००१: अ स्पेस ओडिसी' परत लावला. हो, माकडं संपेपर्यंत जागा होतो. पण तो यानाच्या कॉम्प्युटरला, हॅलला, बंद करायचा सीन, अंतराळवीर डेव्ह मेमरीचा एकेक ठोकळा बाहेर ओढतोय, त्याच्या श्वासाचा आवाज, आणि हॅल शांतपणे म्हणतो मला भीती वाटतेय, मग डेझीचं गाणं म्हणायला लागतो आणि आवाज जड होत होत खाली खाली... मी पॉजच केलं. हॉस्टेलवर तू इथेच रडला होतास आणि मी तुला वर्षभर 'कॉम्प्युटरची विधवा' म्हणायचो.

माझा मुद्दा तेव्हा हाच की चार माणसं मारलेल्या यंत्राची कसली कीव. आणि ते डेझीचं गाणं तर १९६१ मध्ये बेल लॅब्जमधल्या आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरने खरोखर गायलं होतं, म्हणून काय त्याला भावना होत्या? मुद्दा अजून बिनतोड आहे हां. पण दुसऱ्या अंतराळवीराचे, फ्रँकचे आईवडील पृथ्वीवरून हॅपी बर्थडे म्हणतात आणि हा गडी आडवा पडून ढिम्म, तोंडावरची रेष हलत नाही. अख्ख्या यानात घाबरतो कोण, तर यंत्र!

आता खरं सांगतो. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता बाबांचा आवाज मला आठवेचना. तुला फोन करायला हवा होता, पण इतक्या महिन्यांनी कुठल्या तोंडाने, म्हणून चॅटबॉटला लिहिलं. त्याने विचारलं, बाबा तुम्हाला हाक कशी मारायचे? ते टाइप करताना आवाज आला रे कानात, खोकल्यासकट. मग टॅब बंद करताना हात अडला. पुढचा शब्द कुठला याचा हिशोब आहे तो, मला काय कळत नाही? तरी 'येतो' असं टाइप करून उठलो. १९६६ च्या त्या गप्पा मारणाऱ्या एलायझा प्रोग्रॅमशी बोलताना तो बनवणाऱ्या वाइझेनबाउमची सेक्रेटरी त्यालाच म्हणाली होती ना, जरा बाहेर थांबा. त्या बाईला किती हसलो होतो मी. आत कोणी नाही, तर मग मला बरं वाटलं ते कोणामुळे? आणि मी स्वतःच स्वतःशी बोललो असेन, तर आधी का नाही जमलं?

तुझी बदली झाली म्हणे, सामान लागलं का? पोरगी चालायला लागली असेल. रविवारी फोन करतो, उचल. आणि बाबा मला काय हाक मारायचे ते इथे लिहीत नाही, तूच सांग.

तुझा,
बंड्या