कोटाच्या बाह्या

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी चिडले. चिडले की माझं बोलणं भरकटतं हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून लिहायला बसले. तुम्ही म्हणालात, "आपल्याला आजवर कुणाच्या कुबड्या लागल्या नाहीत, मग त्या बायकांच्या मंडळात कशाला जातेस? शनिवार अभ्यासाला ठेव." मागून आईचं "जाऊ द्या हो, लांब आहे ती" हेही ऐकू आलं. आई, तुझा नवा चष्मा आला नसेल तर बाबांकडून हे वाचून घे, म्हणजे त्यांनाही दोनदा वाचावं लागेल.

गोष्ट कोटापासून सुरू होते. इथे अमेरिकेत आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दाराशी खुंट्यांवर जाड कोट टांगलेले असतात, मशीनवर जायचं तर तो घालायचाच. सगळ्यांत लहान कोटाच्या बाह्या माझ्या बोटांच्या टोकापर्यंत यायच्या. मी त्या दोनदा दुमडायचे. एके दिवशी लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून कापायच्या मशीनवर, जॉब फिरत असताना उजवी बाही उलगडून खाली आली. जॉब पकडून फिरणारा चक माझ्यापासून वीतभर लांब. मी हात मागे घेतला, मशीन बंद केलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, एवढंच बघितलं. सैल बाही, अंगठी, मोकळे केस यांना लेथ विचारत नाही, हे तुम्ही मला नववीत असताना सांगितलंय. तरी मी कुणापाशी बोलले नाही. मला वाटत होतं, माझे हात आखूड आहेत.

महिन्याभराने दुसऱ्याच विभागातली एक मुलगी आली आणि तिने खुंटीवर दोन लहान कोट अडकवले, मनगटाला बसणाऱ्या बाह्यांचे. सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्सच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्या बायकांच्या मंडळाच्या, इथल्या शाखेने प्रत्येक लॅबमधल्या मुलींची मापं गोळा केली होती आणि विभागाला चार ओळींचं पत्र दिलं होतं. बाकीचे कोट मग विभागानेच मागवले. त्यांच्या यादीत माझ्याआधी अकरा नावं होती. अकरा जणी आपापल्या बाह्या दुमडत होत्या आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं! त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेले.

तिथे काय चालतं? खरं सांगू, निम्मं मला आवडत नाही. कंपन्यांची माणसं येऊन गोड बोलतात, टी-शर्ट वाटतात, आणि माहितीपत्रकासाठी फोटो काढायचा झाला की आम्हाला पुढे उभं करतात. अशा तीन पत्रकांत मी हसते आहे. पण त्या खोलीत एक कपाट आहे. त्यात मागच्या परीक्षांचे पेपर आहेत, आणि कुठला विषय कुठल्या सत्रात घेऊ नये हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या आहेत, सीनियर मुलींच्या अक्षरात. इथे प्रोफेसरांच्या वेळापत्रकात ‘ऑफिस अवर्स’ लिहिलेले असतात. पहिलं अर्धं सत्र मी समजत होते की त्या वेळात सर ऑफिसचं काम करतात, तेव्हा त्यांना त्रास द्यायचा नाही! ती वेळ विद्यार्थ्यांनी शंका विचारायला जायची असते. ज्यांच्या घरात कुणी इथे शिकलेलं आहे त्यांना हे आपोआप माहीत असतं. बाकीच्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

या मुलींच्या मंडळाला मोठा इतिहास आहे. १९१९ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या हिल्डा काउंट्स, लू अल्टा मेल्टन आणि त्यांच्या मैत्रिणींनी देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना पत्रं धाडली, की तुमच्याकडे कुणी मुली आहेत का. एका कॉलेजचं उत्तर आलं, की सध्या नाहीत, पूर्वी कधी नव्हत्या आणि नजीकच्या काळात येतील अशी अपेक्षाही नाही. सरकारी पत्राला लाजवील असं उत्तर. तो प्रयत्न फार टिकला नाही. आजची सोसायटी १९५० ची, बीट्रिस हिक्स तिच्या पहिल्या अध्यक्ष.

आमच्या समोरची खोली कृष्णवर्णीय मुलामुलींच्या संघटनेची, नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स. तिचा जन्म आमच्याच राज्यात झाला, इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे इंजिनिअरिंगला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ८० टक्के मुलं शिक्षण अर्धवट सोडून जायची, असं संघटनेच्या इतिहासात लिहिलं आहे. १९७१ मध्ये एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर हे दोन विद्यार्थी डीनकडे गेले आणि मंडळ सुरू झालं. पुढे अँथनी हॅरिस या विद्यार्थ्याने देशातल्या कॉलेजांना २८८ पत्रं पाठवली. जेमतेम ८० उत्तरं आली, पण एप्रिल १९७५ मध्ये ३२ कॉलेजांमधून ४८ मुलं पर्ड्यूला जमली आणि राष्ट्रीय संघटना उभी राहिली. या सगळ्यांनी सुरुवात टपालानेच केली, म्हणून मलाही फोनपेक्षा पत्र बरं वाटलं असेल.

तुमचा कुबड्यांचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सत्तरच्या दशकात युरी ट्राइसमन नावाचा गणिताचा संशोधक होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं का मागे पडतात, हा त्याचा प्रश्न. लोकांनी नेहमीची कारणं दिली: मेहनत नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाची मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्या सोबत राहून पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं मेहनत भरपूर करायची, पण एकटी, आपापल्या खोलीत. चिनी मुलं आधी एकटी गणितं सोडवायची आणि मग एकत्र जमून एकमेकांची वही तपासायची, चुकलं तर हसायची, आणि कुणालाच न सुटलेलं गणित निघालं की ते खरंच अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्या मुलाला वाटायचं, आपणच ढ.

ट्राइसमनने मग गट सुरू केले. त्यांत उजळणीची सोपी गणितं दिली नाहीत, वर्गातल्यापेक्षा अवघड दिली. मुलांचे निकाल पालटले. बाबा, कुबड्या देणारा माणूस अवघड गणितं देत नाही.

तुम्ही विचारलंत, हे आरक्षणासारखं आहे का. नाही. या मंडळांकडे वाटायला ना जागा असतात ना गुण. कॉलेजच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला इथल्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मनाई केली, पण तो प्रवेशाचा प्रश्न. ही मंडळं आत आलेल्यांना टिकवण्यासाठी आहेत. सदस्यत्व सर्वांना खुलं असतं, आमच्या शनिवारच्या बैठकीला तीन मुलगे नेमाने येतात. एक तर फक्त पेपरांच्या कपाटासाठी येतो, तेही चालतं.

आणखी एक नाव सांगते, आईला आवडेल. ए. ललिता. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी. मद्रासजवळच्या गिंडीच्या कॉलेजातून १९४३ मध्ये त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, भारतातल्या पहिल्या काहीजणींपैकी एक. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिलाही त्या आल्या होत्या. त्यांना प्रवेश मिळाला कसा? त्यांचे वडील त्याच कॉलेजात प्रोफेसर होते, त्यांनी प्राचार्यांशी बोलणी केली. हे वाचलं आणि मला तुम्ही आठवलात. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत मला स्टुलावर बसवून चक, टेलस्टॉक, टूलपोस्ट घोकून घेणारे निदेशक माझ्या घरातच होते. ‘कुणाची मदत लागली नाही’ हे आपल्या बाबतीत तितकंसं खरं नाही.

आता काम. येत्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दोन्ही मंडळांच्या नव्या मुलामुलींना मी लेथच्या टूलला धार लावायला शिकवणार आहे. तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत टूल घासताना ठेवायच्या रेक आणि क्लिअरन्सच्या कोनांच्या आकृत्या आहेत, पेन्सिलीने काढलेल्या. त्या पानांचे फोटो पाठवा. उजेडात काढा, सावली पडू देऊ नका. मराठीतच असू द्यात, मी समजावून सांगेन. आणि शेवटच्या पानावर लाल शाईत बाह्यांबद्दल जे लिहिलंय, तेही.

आईला सा. न.

आपली,
धाकटी