हवेतला साकव

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल पहाटे सुखरूप पोचले. नारळ, कोकमं, आईने बांधून दिलेल्या करंज्या, सगळं नीट आलं. बाबा, निघताना तुम्ही म्हणालात, "बागेतल्या मांगरात इंटरनेट पोचवायला काय काय जोडलंस ते कागदावर लिहून पाठव, फोनवर ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही." म्हणून बसलेय लिहायला. पत्र पोस्टानेच टाकते. चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवर काय पाठवायचं?

पण जोडणीआधी मला मार्चमधली ती संध्याकाळ लिहायची आहे, कारण चवथीच्या गडबडीत तुमच्यापाशी तो विषय काढणं जमलं नाही. तुम्ही काजू गोळा करायला मांगरात गेलात आणि व्हाळाच्या कडेला पाय घसरून पडलात. खिशात फोन होता, पण तिथे रेंज कधी नव्हतीच. आई गडग्यापाशी उभी राहून कुकारो घालत होती, मोठ्याने हाका मारत होती. पूर्वी तिचा कुकारो पार मांगरापलीकडे जायचा, तुम्हीही तिथून उलट द्यायचात आणि भात वाढायला घेतलं जायचं. आता तिचा आवाज तेवढा पोचत नाही आणि तुमच्या डाव्या कानाला ऐकू कमी येतं. दोन तास तुम्ही तिथे पडून होतात. मला हे चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून घर आणि मांगर यांच्यामधलं ते अंतर माझ्या डोळ्यांसमोर आहे. मोजलं तर २१० मीटर.

मे महिन्यात मी पडवीत वायफायचा एक रिपीटर लावून गेले होते आणि तो काही उपयोगाचा ठरला नाही. चूक माझी होती. रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा ओरडून सांगतो. एकाच तोंडाने दोन्ही कामं करायची म्हटल्यावर वेग निम्म्यावर येतो. शिवाय आपल्या भिंती जाड चिऱ्याच्या, त्यात खळ्यावर पत्रा. पत्र्यापुढे वायफायचं काही चालत नाही. पडवीतून निघालेली लहर गडग्यापर्यंत पोचतानाच दमून जायची.

वायर टाकायचाही विचार केला होता. संगणकाच्या नेहमीच्या तांब्याच्या वायरची मर्यादा १०० मीटर, त्यापुढे भरवसा नाही. आणि आपल्याकडच्या विजा बघता दोन इमारतींमध्ये तांब्याची लांब तार ताणणं मला नकोच होतं. खरं तर जमिनीतून काचेची फायबर टाकणं सगळ्यात चांगलं, तिच्यातून वीज जात नाही. पण त्यासाठी व्हाळ ओलांडायचा, शेजाऱ्यांचा गडगा फोडायचा, चर खणायचा. म्हणून हवेतून जायचं ठरवलं.

बाबा, घराच्या टाकीच्या चौथऱ्यावर आणि मांगराच्या कौलांच्या वर पाइपला बांधलेले ते दोन पांढरे डबे म्हणजे नेटवर्कचा ब्रिज. आपल्या भाषेत साकव म्हणा. व्हाळावरच्या साकवावरून फक्त पलीकडे जाता येतं, तसं हे दोन डबे फक्त एकमेकांशी बोलतात, तुमच्या फोनशी नाही. फोनशी बोलतो तो मांगराच्या आतल्या फळीवरचा डबा, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तुमच्या खात्याच्या हिशेबात सांगायचं तर थैली घेऊन जाणारा रनर वेगळा आणि गावात टपाल वाटणारं शाखा डाकघर वेगळं. मे महिन्यात मी ही दोन्ही कामं एकाच रिपीटरवर टाकली होती, तिथेच बिघडलं.

डबे वर चढवण्याआधी मी दोन्ही ओटीवर मांडून बसले होते, तेव्हा आई विचारत होती, "ह्यां आता कित्याक?" सगळं आधी खालीच जुळवून घ्यावं लागतं गो, शिडीवर उभं राहून ते होत नाही. घराकडच्या डब्याला सांगितलं, तू बोलावणारा. मांगराकडच्याला सांगितलं, तू जाणारा, आणि ह्या एकाच घरी जायचं, दुसऱ्या कुणी बोलावलं तरी नाही. दोघांमध्ये एक लांब पासवर्ड ठेवला. तो फोनवर कधी लागणार नाही, तरी आईच्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय.

मग ती 'डब्ल्यूडीएस' नावाची खूण केली. तुम्ही त्याबद्दल दोनदा विचारलंत आणि मी घाईत उडवून लावलं, त्याचं मला वाईट वाटतंय. वायफायवरून जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर पत्त्यांसाठी चार जागा असतात, पण एरवी त्यातल्या तीनच भरतात. तसं ठेवलं असतं तर मांगरातल्या तुमच्या फोनचा पत्ता पलीकडे पोचलाच नसता, सगळं टपाल मधल्या डब्याच्या 'मार्फत' झालं असतं आणि परतीच्या चिठ्ठ्या त्या डब्याच्याच नावाने आल्या असत्या. ती खूण केली की चौथी जागाही भरते. मूळ पाठवणारा, शेवटचा घेणारा आणि मधले दोन रनर, असे चार पत्ते. त्यामुळे घरचा राउटर मांगरातला फोन ओळखतो, जणू तो माजघरातच आहे.

तुम्ही लायसनचंही विचारलं होतंत. एके काळी तुम्ही पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांच्या रेडिओची लायसनं करून द्यायचात, त्यामुळे तुमच्या मनात ते येणारच. ह्याला लागत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झजवळचे काही पट्टे घराबाहेरच्या वापरालाही परवान्याशिवाय मोकळे केले, त्याच्यातच आपण आहोत. मी मुद्दाम १४९ नंबरचं चॅनल धरलं. मधल्या काही चॅनलांवर रडार दिसलं की वायफायला बाजूला व्हावं लागतं आणि दुवा अचानक तुटतो. १४९ वर ती भानगड नाही. डब्यात देश 'भारत' निवडलाय, तो कुणालाही बदलू देऊ नका.

आता फणसाच्या फांदीबद्दल. दोन्ही डबे एकमेकांना दिसत होते, तरी सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे ७४ दाखवत होता. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मला आधी वाटलं नेम चुकलाय. मग लक्षात आलं, लहरींना सरळ दोरीएवढी वाट पुरत नाही. त्यांची वाट तवशासारखी असते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगलेली. आपल्या अंतराला मध्यावर तिची त्रिज्या दीड मीटरच्या थोडी वर, आणि निदान चहूबाजूंनी मीटरभर तरी मोकळं लागतं. फणसाची फांदी नेमकी त्या फुगवट्यात होती, वर पावसाने निथळत होती. एवढ्या अंतराला पाऊस स्वतः काही बिघडवत नाही, भिजलेलं पान बिघडवतं. मी म्हटलं फांदी तोडूया, तुम्ही म्हणालात, "फणस माझ्या आजाने लावलेला आहे, तुझा डबा सरकव." पाइप दोन मीटर डावीकडे घेतला आणि फुटभर उंच केला. आकडा उणे ५६ वर आला. बाबा, तुमचं बरोबर होतं. मीसुद्धा आधी डबाच हलवून बघायला हवा होता.

मग मांगरातला ॲक्सेस पॉइंट. तो म्हणजे माझा जुनाच राउटर आहे आणि त्याच्यापायी पूर्ण एक दुपार गेली. नवीन राउटर स्वतःला घरचा कर्ता समजतो आणि येईल त्या फोनला पत्ता वाटत सुटतो. घरचा राउटरही तेच करत होता. शिवाय दोघांचाही स्वतःचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१. एकाच नंबराची दोन घरं असली की पोस्टमनचं काय होतं ते तुम्ही जाणता. कधी लागायचं, कधी नाही, आणि फोनवर वायफायच्या पूर्ण दांड्या दिसूनही आत काही नाही. आई नैवेद्याचं पान घेऊन थांबली होती आणि मी मांगरात रडकुंडीला आले होते.

उपाय साधा होता. पत्ते वाटायचं काम फक्त घरच्या राउटरकडे ठेवलं, मांगरातल्याचं बंद केलं. त्याला वेगळा पत्ता दिला, शेवटी १ च्या जागी २. साकवाच्या दोन डब्यांना ३ आणि ४. पहिले तीन आकडे पिनकोडसारखे समजा, ते सगळ्यांचे सारखे. शेवटचा घराचा नंबर, तो प्रत्येकाचा वेगळा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवला, हे मी तुमच्याकडूनच लहानपणी पाठ केलंय. तर ही आपली चार घरं. साकवाकडून येणारी वायर मांगरातल्या राउटरच्या पिवळ्या भोकात आहे, निळ्यात नाही. निळं 'वॅन'चं, म्हणजे बाहेरून इंटरनेट येण्याचं, ते रिकामंच राहू द्या. त्यात वायर गेली की तो राउटर पुन्हा वेगळा संसार मांडतो.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलाय. त्यामुळे तुम्ही साकवावरून चालत गेलात की फोन आपला आपण तिकडचा धरेल. मधे अर्धा मिनिट जाईल, थांबा. फोनशी बोलणाऱ्या वायफायला घरी चॅनल १, मांगरात ६, म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात आडवं यायला नको.

ह्या सगळ्याचा उपयोग तुमच्यासाठी एकच आहे. तुमच्या फोनमध्ये मी 'वायफाय कॉलिंग' चालू केलंय. रेंज नसली तरी साध्या नंबरावरून साधा फोन लागतो आणि येतो. व्हॉट्सॲप उघडायला नको, चष्मा शोधायला नको. आईचा बटणांचा फोन तुळशीपाशी लागतोच. आई, तू तिथून त्यांना लाव. आपण तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा लागलं. जेवायला बोलवायलाही लाव, पैसे वेगळे पडत नाहीत.

दादा म्हणत होता, कॅमेराही लावून टाक, म्हणजे इथून दिसतील. मी लावला नाही. तुमच्या मांगरात तुम्ही दुपारी कसे झोपता, कुणाशी काय बोलता, हे आम्ही पुण्यात बसून बघावं असं मला वाटत नाही. तुम्ही हाक मारली तर ऐकू यावी, एवढंच मला हवं होतं.

आता जपायच्या गोष्टी. माजघरात फळीवर छोटा काळा अडॅप्टर आहे, त्याला दोन भोकं. ज्या भोकाशी लाल लोकरीचा धागा बांधलाय त्यातून वरच्या डब्याला वीज आणि इंटरनेट एकाच वायरीतून जातं. ती वायर चुकूनही राउटरमध्ये घालू नका, राउटर जळेल. झाडलोट करताना काढावी लागली तर धागा बघून परत तिथेच. मांगरातही तसाच धागा आहे.

विजांचं मात्र कधीच टाळू नका. परतीच्या पावसात आणि मे अखेरीला आभाळ गडगडायला लागलं की दोन्हीकडचे प्लग काढायचे आणि धाग्याच्या वायरीसुद्धा. डब्यांचे पाइप मी अर्थिंगला जोडलेत, पण जवळ वीज पडली तर त्याच्यावर विसंबून राहू नका. त्या वेळी बाबा, तुम्ही मांगरात न राहता घरी असावं. हे मी डब्यांसाठी म्हणत नाही.

बंद पडलं तर आधी दोन्हीकडे वीज आहे का बघा, एका टोकाची गेली तरी साकव पडतो. दोन्हीकडे वीज असेल तर आधी घरचा डबा बंद करून चालू करा, दोन मिनिटांनी मांगरातला. वरच्या डब्याच्या मागे दिव्यांची रांग आहे, तीन-चार पेटले की साकव उभा. एकच पेटला तर फांदी वाढली असेल किंवा वाऱ्याने डबा फिरला असेल. तेव्हा शिडी लावू नका. मी पाइपवर रंगाने रेघ मारून ठेवलीय, वायरमनला बोलावून डबा त्या रेघेशी जुळवायला सांगा, आणि तो येईपर्यंत मांगरात एकटे जाऊ नका. वायर भिंतीत शिरते तिथे मुद्दाम खाली झोळ सोडलाय, पाणी तिथून ठिबकावं म्हणून. कुणी नीटनेटकं करायला ती ओढून ताठ करेल, त्याला करू देऊ नका.

दिवाळीला येते तेव्हा बॅटरीची छोटी पेटी आणते, मांगरातली वीज फार जाते. आई, गुडघ्याला तेल लावत जा आणि व्हाळापर्यंत बोलवायला जाऊ नकोस आता. बाबा, बुधवारी संध्याकाळी सहाला मांगरात असाल ना? मी तिथेच फोन लावीन. दोन रिंग झाल्या तरी पुरे, पण उचलाच.

तुमची,
बाय