सोलापूर ते सोलापूर रस्ता ज्यांनी सोडवला, त्या अक्कांना

प्रिय अक्का,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही ‘पुरे गं, चहा घे आधी’ म्हणून तोंड बंद करता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय.

प्रोजेक्ट तसा साधाच होता. आपल्या जिल्ह्यातली गावं म्हणजे बिंदू, त्यांना जोडणारे रस्ते म्हणजे रेषा, आणि ‘आर’ या प्रोग्रामिंग भाषेतल्या आयग्राफ पॅकेजात त्यांचं जाळं, म्हणजे ग्राफ. माझा रस्त्यांचा तक्ता दोन कॉलमचा होता, ‘कुठून’ आणि ‘कुठे’. रेषा जोडणाऱ्या ‘ॲड एजेस’ या फंक्शनला गावांची एकच सलग यादी लागते, तिच्यातली दोन-दोन नावं उचलून ते रेषा जोडतं. मी त्या तक्त्याच्या मॅट्रिक्सची सलग यादी केली आणि दिली. एररचं नाव नाही. ग्राफ काढला तर सोलापूरहून निघालेला रस्ता गिरकी घेऊन सोलापुरातच, आणि अक्कलकोटहून एक रेषा थेट पंढरपूरला! आई म्हणाली, ‘बरंय की, स्वामी आणि विठोबा एका दमात.’

तीन दिवस मी तक्ताच तपासत बसले. तुम्ही मात्र तो बघितलाही नाही. म्हणालात, ‘चारच ओळी ठेव.’ ठेवल्या: सोलापूर–मोहोळ, सोलापूर–बार्शी, सोलापूर–अक्कलकोट, मोहोळ–पंढरपूर. मग पलंगावरची चादर ओढलीत, तिच्या दशा मुठीत धरल्यात. ‘हा ताणा, उभा. आडवा तो बाणा. तू बाण्यासारखं लिहिलंस, आर ताण्यासारखं वाचतंय.’ आणि पेनने माझ्याच वहीत पहिला कॉलम वरून खाली लिहिलात: सोलापूर, सोलापूर, सोलापूर, मोहोळ. त्याच्याखाली दुसरा: मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर. आता जोड्या पाड. पहिलीच सोलापूर–सोलापूर! शेवटची अक्कलकोट–पंढरपूर. रेषा मोजून चारच, मग चूक दिसणार कशी? मॅट्रिक्स आधी टी या एकाक्षरी फंक्शनने आडवी-उभी फिरवली, मग यादी केली, आणि रस्ते जागच्या जागी बसले. मागावर आयुष्य गेलेल्या घरातली मुलगीच हे असं सांगू शकते.

बाकीच्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्या. ‘ॲड एजेस’ मूळ ग्राफला हात लावत नाही, नवा ग्राफ हातात देतं; तो परत ‘जी’मध्ये (माझ्या ग्राफचं नाव) ठेवला नाही तर जोडलेलं सगळं वाऱ्यावर. (तेही माझं झालंच होतं, तुम्हाला बोलले नव्हते.) आणि बिंदूंच्या यादीत ‘मंगळवेढा’ आणि रस्त्यांत ‘मंगळवेढे’ असलं, की तिथे मात्र आर लगेच अडून बसतं.

तुमचं पेन माझ्या वहीतच राहिलंय. रविवारी आणून देते. चहा घेईन.

तुमची,
शेजारची आगाऊ पोर