काका, ती ओरिजिनल कॅसेट तुम्ही मला देऊन टाकलीत

काका, साष्टांग नमस्कार.

परवा तुम्हाला ८२ पूर्ण झाली. फोनवर शुभेच्छा दिल्या, पण मागे काकूंचा मिक्सर, नातवंडांचा दंगा, त्यात जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि ८२ म्हटलं की मला एकच माणूस आठवतो, त्या दिवशी टीव्हीवर पियानो वाजवणारे व्लादिमीर होरोविट्झसुद्धा ८२ वर्षांचेच होते.

२० एप्रिल १९८६, रविवार. मला अमेरिकेत एडिसनला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, हे दिवसभर ऑफिसात, मी घरात, पेटी पुण्यालाच राहिलेली, आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा रोज दुपारी रडायचे, हे कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी तुमचा फोन आला, "काकूने शिरा केलाय, दोघंही या, आणि आज टीव्ही बघायचाय." मला वाटलं सिनेमा-बिनेमाची काहीतरी कॅसेट असेल. बघते तर सीबीएस चॅनेलवर मॉस्को! तिथल्या कॉन्झर्वेटरीचा, म्हणजे संगीताच्या कॉलेजचा, तो मोठा हॉल, भिंतींवर संगीतकारांची चित्रं, आणि बो टाय लावलेले एक बारीकसे आजोबा हळूहळू चालत येतायत. तुम्ही सांगत होतात की हे १९२५ साली देश सोडून गेले ते ६१ वर्षांनी आज परत आलेत, न्यूयॉर्कच्या घरातला स्वतःचा पियानो बरोबर घेऊन, आणि आदल्या वर्षी जिनिव्हात रेगन-गोर्बाचेव्ह भेटले नसते तर हे झालंच नसतं. पाचच दिवस आधी अमेरिकेने लिबियावर बॉम्ब टाकले होते, आणि सहा दिवसांनी चेर्नोबिल झालं, ज्या कीवमध्ये ते लहानाचे मोठे झाले त्याच्या इतकं जवळ. त्या दोनांच्या मध्ये ही एक सकाळ, आजही विचार केला की अंगावर काटा येतो.

मला पियानोतलं शून्य कळत होतं. तुम्ही म्हणालात, "काही समजून घेऊ नकोस, नुसती उजव्या हाताची करंगळी बघ." आणि खरंच काका, इतर बोटं सरळ, पट्ट्यांवर जवळजवळ आडवी, मनगट खाली, आणि करंगळी मात्र आत वळवून ठेवलेली, जणू झोपलीय, आणि वरचा सूर आला की टक्कन बाहेर येऊन पुन्हा आत. पेटीवर आम्हाला बोटं कशी ठेवायची हे रागावून रागावून शिकवलं होतं, त्यातलं एकही हा माणूस पाळत नव्हता.

स्कार्लाटी झालं, मोझार्ट झालं, स्क्रियाबिन या रशियन संगीतकाराच्या वेळी तुम्ही सांगितलंत की हे लहान असताना खुद्द स्क्रियाबिनसमोर वाजवून आलेत. आणि शेवटी टाळ्या थांबेनात तेव्हा शूमानचं ट्रॉयमेराय, एक छोटीशी रचना. तीन मिनिटांचंसुद्धा नाही. सूर एकेक पायरी वर चढतो आणि वर जाऊन नुसता थांबतो. पेटीचा सूर भात्यात हवा आहे तोवर टिकतो, पण पियानोचा वाजला की त्या क्षणापासून विझायला लागतो, आणि ते आजोबा तो विझत विझत जिथे पोचलाय बरोबर तिथेच पुढचा सूर ठेवत होते, जरासुद्धा मोठा नाही. कॅमेरा प्रेक्षकांत गेला, एक माणूस ताठ बसलाय आणि गालावरून पाणी ओघळतंय, तो ते पुसतही नाहीये. मी पण पुसलं नाही. काकूंनी न बोलता माझ्या हातातली बशी काढून घेतली एवढं आठवतंय.

मग चहा पिताना तुम्ही १९६८ चं सांगितलंत. तुम्ही नवीनच आलेले स्टुडंट, सप्टेंबर महिना, हॉस्टेलच्या कॉमन रूममधला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि हेच होरोविट्झ सीबीएसवर कार्नेगी हॉलमधून. त्याआधी १२ वर्षं, १९५३ ते ६५, ते स्टेजवर बसलेच नव्हते, आणि टीव्हीवर अख्खा कार्यक्रम द्यायला तयार झाले ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट. तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत की स्कार्लाटीचा ई मेजर सोनाटा, स्क्रियाबिनचा तो डी शार्प मायनरवाला तुकडा आणि ट्रॉयमेराय, हे तिन्ही तेव्हाही होते आणि आजही. "पंचविशीत ऐकलं तेव्हा स्क्रियाबिन आवडला, आज ट्रॉयमेराय," असं म्हणून तुम्ही गप्प झालात.

महिन्याभरात तुम्ही मला कॅसेट आणून दिलीत. तोवर मला माहीतच नव्हतं की तुम्ही तेव्हा टेप करत होतात. एसपी, म्हणजे दोन तासांच्या स्पीडवर, कारण सहा तासांच्या स्पीडवर पियानोची वाट लागते, टेप जरा डगमगली की लांब सूर थरथरतो, गाण्यात ते खपून जातं, पियानोत नाही, हे तुम्ही मला किती वेळा समजावलंत! टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नको म्हणून वायर पण दिलीत, व्हीसीआरमधून स्टिरिओत घालायची. ती कॅसेट मी रोज दुपारी लावायचे. रडणं कधी थांबलं ते कळलं नाही. पुढे वयाच्या एकतिसाव्या वर्षी पियानोच्या क्लासला गेले तेही त्या कॅसेटमुळेच.

आणि ९३ साली ती गेली. वर दुसरं काही टेप होऊ नये म्हणून तुम्ही कडेचा टॅब तोडून दिला होता तरी भाच्याने चिकटपट्टी लावून त्यावर फुटबॉलची मॅच टेप केली. शोपॅनचा माझुर्का संपतो आणि टाळ्यांमध्येच हिरवं मैदान. मी तुम्हाला फोनवर नुसतं सांगितलं, मागितलं काहीच नव्हतं, पण पुढच्या शनिवारी तुम्ही दुसरी घेऊन दारात हजर. "अजून एक कॉपी काढली, दोन तास तर लागतात," एवढंच म्हणालात. वर्षभरात तुम्ही पुण्याला परत गेलात.

आता गेल्या महिन्यात मुलाने दोन्ही कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या. पहिलीत रंग थोडे पसरलेले आहेत, खाली सतत फुसफुस आहे. दुसरी एकदम लख्ख. आणि दुसरीच्या सुरुवातीला चार मिनिटं नुसत्या जाहिराती, कारण तुम्हाला सुरुवात चुकायची भीती म्हणून तुम्ही नेहमी आधीच रेकॉर्ड दाबून बसायचात, पहिल्या कॅसेटमध्ये मात्र त्या काढून टाकलेल्या होत्या. लेबलच्या खाली अजून एक लेबल निघालं, त्यावर तुमच्या अक्षरात पेन्सिलीने "२०/४/८६, पुसू नये". म्हणजे कॉपी तुम्ही स्वतःसाठी काढलीत आणि ओरिजिनल मला दिलीत. आणि इतकी वर्षं एक शब्द नाही काका. मी तेव्हा थँक्यूसुद्धा धड म्हटलं नव्हतं, दारातूनच, मुलगा कडेवर होता म्हणून.

आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात येतोय. पेन ड्राइव्ह आणतेय, जाहिरातींसकट, एक सेकंद कापलेला नाही. तुमचा जुना अँप्लिफायर चालू आहे का तेवढं काकूंना कळवायला सांगा, नसेल तर लागेल ती वायर मी इथूनच घेऊन येते. आणि काकूंना म्हणावं, शिरा यावेळी मी करणार.

तुमचीच,
बी बिल्डिंगमधली सून