अन्ननलिकेला बँड, जठराला ग्लू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिरॉसिसच्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली की नातेवाईक आधी रक्तपेढी गाठतात. धावपळ समजण्यासारखी आहे, पण या आजारात जास्त रक्त देणे हाही एक धोका आहे. यकृत कडक झाल्याने पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब मुळातच वाढलेला असतो; त्यामुळे अन्ननलिकेतल्या आणि जठरातल्या शिरा फुगतात आणि फुटल्या की रक्ताची उलटी होते. पिशवीमागून पिशवी चढवली की तो आणखी वाढतो आणि थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. म्हणून हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त द्यायचे आणि ७ ते ८ वर थांबायचे. रक्त भळाभळा वाहत असेल, बीपी ढासळले असेल, तर मात्र आकड्याची वाट पाहू नये. केवळ आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) सुधारावा म्हणून प्लाझ्मा देऊ नये.

दुर्बीण (एंडोस्कोपी) तालुक्याला नसेल, पण दोन इंजेक्शने तिथेही देता येतात, आणि ती रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच द्यावीत. पहिले शिरेतला दाब उतरवणारे टर्लिप्रेसिन २ मिग्रॅ, दर चार तासांनी. हृदयविकार असेल तर त्याऐवजी ऑक्ट्रिओटाइड, ५० मायक्रोग्रॅम एकदम आणि पुढे तासाला ५०. दुसरे सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक, रोज १ ग्रॅम. ताप नाही म्हणून हे दुसरे अनेकदा राहून जाते. जंतुसंसर्गामुळे पुन्हा रक्तस्राव होतो आणि रुग्ण दगावतो, हे लक्षात घेतले जात नाही. बीपी सावरले की १२ तासांच्या आत दुर्बीण व्हावी. रुग्ण गुंगीत असेल किंवा उलट्या चालूच असतील, तर आधी श्वासनलिकेत नळी घालावी, नाहीतर रक्त फुप्फुसात उतरते.

फुटलेली शीर अन्ननलिकेतली असेल तर बँडिंग, म्हणजे शिरेला रबरी बँडने बांधणे. दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीवर सहा-सात रबरी बँड ताणून बसवलेले असतात. जठराच्या तोंडाशी सुरुवात करून खालच्या ५ सेंमी भागात गोल फिरत वर यायचे. शीर टोपीत ओढून दुर्बिणीचा पडदा (स्क्रीन) पूर्ण लाल झाला की मगच बँड सोडायचा. अर्धवट ओढलेल्या शिरेवरचा बँड लवकर सुटतो आणि घाव उघडा पडतो. बँड काही दिवसांत गळतात, खाली व्रण राहतो; पहिल्या दोन आठवड्यांत तोही वाहू शकतो. त्या काळात पेज, मऊ भात चालेल; कडक भाकरी, चिवडा नको.

जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरेचे गणित वेगळे. ती मोठी आणि खोल असते, बँडमध्ये पुरती मावत नाही. बँड गळला की मोठ्या शिरेलाच तोंड पडते. (अन्ननलिकेतून जठराच्या लहान वळणावर उतरलेली शीर बँडने बांधता येते. हा भेद करणारे, जगभर वापरले जाणारे वर्गीकरण डॉ. शिवकुमार सरीन यांचे आहे.) घुमटातल्या शिरेला सायनोॲक्रिलेट ग्लू (रक्ताशी संपर्क येताच घट्ट होणारा गोंद) सुईने टोचावा लागतो. सुईची नळी लिपिओडॉल (एक तेलकट द्रव) किंवा डिस्टिल्ड वॉटरने भरून घ्यावी; सलाईन वापरले तर ग्लू नळीतच घट्ट होतो. एका वेळी अर्धा ते १ मिली, त्यामागून नळीत मावेल तेवढे डिस्टिल्ड वॉटर, आणि सुई लगेच बाहेर. उशीर झाला तर सुई शिरेत अडकते. त्याच क्षणी सक्शन दिले तर ग्लू आत ओढला जाऊन दुर्बीणच बंद पडते. काही वेळाने बोथट टोकाने शीर दाबून पाहावी. मऊ लागली तर आणखी ग्लू हवा. एकदम जास्त ग्लू सोडला तर तो फुप्फुसापर्यंत वाहत जाण्याची भीती असते. शिरा फक्त घुमटात असतील आणि पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून प्लीहेची शीर बंद नाही ना, हे पाहावे. तशी असेल तर दोष यकृतात नसून प्लीहेच्या शिरेत असतो, आणि प्लीहा काढून तो बरा होऊ शकतो.

एवढे करूनही रक्त थांबले नाही तर शिरा दाबून धरणारी फुग्याची नळी जास्तीत जास्त २४ तास ठेवता येते. तेवढ्या अवधीत टिप्स (यकृतातून नळी बसवून पोर्टल शिरेतला दाब उतरवणे) करणाऱ्या केंद्रात पोहोचायलाच हवे.

आमची खरी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. बँडिंग एका बैठकीत संपत नाही. शिरा नाहीशा होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी ते करावे लागते, जोडीला दाब कमी ठेवणाऱ्या गोळ्या, कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल. तरी डिस्चार्ज कार्डावर बहुधा 'एंडोस्कोपी केली' एवढेच लिहिलेले असते. रुग्ण बरे वाटते म्हणून परत येत नाही, आणि येतो तो दुसऱ्या उलटीनंतर. शीर कुठली, बँड किती, ग्लू किती मिली आणि पुढची तारीख कोणती, या चार गोष्टी प्रत्येक रुग्णालयाने कार्डावर मराठीत लिहून द्याव्यात. त्या नसतील तर नातेवाइकांनी मागून घ्याव्यात.

आपले,
पोटविकार विभागातील काही डॉक्टर, पुणे