चिंच भिजत घालण्याआधी

लंडन, १२ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर म्हणालीस की दिवाळीआधी सोप्यातला आबांचा पुतळा चिंच-मीठ लावून लख्ख करून घेणार. फोन ठेवला, पण मला झोपच लागेना. आई, पुतळ्याला चिंच लावू नकोस. लिंबू नको, राख-रांगोळी तर नकोच.

समई, ताम्हन, देवघरातले पितळी देव घास, त्यांचं काही नाही. आबांचा पुतळा ब्राँझचा, म्हणजे तांबं आणि कथिल. त्याचा तपकिरी रंग हा मळ नव्हे. ओतकाम झाल्यावर धातू तापवून, त्यावर रसायनं लावून मूर्तिकार तो रंग चढवतो. एकदा निघाला की आपल्या हातून परत यायचा नाही.

मला हे कळलं ते आजीच्या नंदीमुळे. इकडे येताना तू दिलेला तो वीतभर नंदी, तोही ब्राँझचाच. पहिल्या दिवाळीला मी त्याला लिंबू-मीठ चोळलं, नळाखाली धुतला, वरवर पुसून खिडकीत ठेवला. पाडव्याला सोन्यासारखा दिसत होता. फेब्रुवारीत वशिंडाच्या खाचेत पोपटी ठिपके दिसले. नखाने टोकरलं तर भुकटी पडली आणि खाली टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. मिठातलं क्लोराइड तांब्याला धरून बसतं, हवेतली ओल मिळाली की त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुन्हा तांबं खातं. वरून सगळं स्वच्छ, आतून पोखरणं चालूच. आता नंदी घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो. आजीने आयुष्यभर जपलेली वस्तू माझ्या एका दुपारीने बिघडली, याचं फार वाईट वाटतं. कोल्हापूरच्या पावसात तर आपल्या भिंतीही ओल धरतात!

पुतळ्याला खरं तर फार काही लागत नाही. बाबांचा दाढीचा जुना मऊ ब्रश घे आणि फेट्याच्या घड्यांतली, मिशांखालची धूळ कोरडीच झाड. तेलकट हात लागून चिकट झालं असेल तिथेच बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, सुती फडक्याने पुसायचं. मग नुसत्या पाण्याने, आणि लगेच कोरडं. खोबरेल लावून चमकवू नका. तेलावर धूळ बसते आणि त्यातलं आम्लही तांब्याला हिरवं करतं. हलवताना दोघांनी खालून बैठकीला धरा, फेट्याला नाही. हळदकुंकू फोटोला वाहा, हार घातलात तर संध्याकाळी काढा, ओली फुलं अंगावर राहायला नकोत.

बाबांना टाऊन हॉल म्युझियममधल्या पोसायडनची आठवण दे. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला तो छोटा ब्राँझचा समुद्रदेव, मला त्यांनीच खांद्यावर बसवून दाखवला होता. काळाने चढलेल्या त्या रंगासकटच तो सुंदर दिसतो.

मायक्रोक्रिस्टलाइन मेणाची, म्हणजे धातूला ओलीपासून जपणाऱ्या मेणाची डबी मी डिसेंबरात येताना आणते. अगदी पातळ हात द्यायचा आणि मऊ फडक्याने चोळायचं, वर्षातून एकदा पुरे.

तोवर एवढं कर. दिवसाच्या उजेडात आबांच्या कानामागचा आणि कोटाच्या कॉलरच्या घडीतला फोटो जवळून काढून पाठव. हिरवं घट्ट बसलेलं असेल तर काळजी नाही. पोपटी भुकटी दिसली तर हात लावू नकोस, आधी मला फोन कर.

तुझी,
सुमी