मक्याचा भाव, क्वालिटी आणि तुझं ते वाक्य

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना की तुम्ही लोक माल एक्स्पोर्ट क्वालिटीचा काढा, भाव आपोआप येईल, तेव्हा इकडे मळणी चालू होती, मशीनच्या आवाजात नीट बोलता आलं नाही म्हणून नुसतं हो हो करून ठेवून दिला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तू पोल्ट्री फीडच्या धंद्यात आहेस, रोज मक्याच्या गाड्या खाली होताना बघतोस, त्यामुळे तू म्हणतोस ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण शेताकडून बाजारापर्यंत काय होतं ते तुला कोणीतरी सविस्तर सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, सवडीने वाच.

आधी भावाचं बघ. 2025-26 च्या खरिपासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला 2400 रुपये. आदल्या वर्षी 2225 होता, त्याच्या आधी 2090. म्हणजे कागदावर दरवर्षी चढताच आहे. आणि आमच्याकडे दिवाळीच्या पुढेमागे मका गेला 1500 पासून 1800 पर्यंत, तेही 1800 म्हणजे चांगला खडखडीत वाळलेला असेल तर. हाच मका 2024 मध्ये व्यापाऱ्यांनी 2200 च्या वर भाव देऊन खळ्यावरून उचलून नेला होता, आणि ते बघूनच लोकांनी कापूस सोडला, सोयाबीन सोडलं आणि मका लावला.

बरं लोकांनी लावला तो काय उगीच लावला का. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारने उसाच्या रसापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, आणि त्याच्या पाठोपाठ मक्यापासून केलेल्या इथेनॉलला लिटरला 71 रुपये 86 पैसे दर दिला. डिस्टिलरीवाले मका शोधत फिरायला लागले, तुमचे पोल्ट्रीवाले ओरडायला लागले, तुला तर माहितीच आहे, म्यानमारचा आणि युक्रेनचा मका देशात आला. दरवर्षी मका बाहेर पाठवणारा आपला देश विकत घ्यायला लागला. आता शेतकऱ्याने यातून काय समजायचं? मका लावा, असंच ना? मग त्याने लावला. आणि लावून झाल्यावर 2025 मध्ये सरकारने आपल्या फूड कॉर्पोरेशनच्या गोदामातला तांदूळ इथेनॉलसाठी डिस्टिलऱ्यांना 2250 रुपये क्विंटलने मोकळा केला. सरकारला जो तांदूळ सगळा खर्च धरून किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडतो तो साडेबावीसला. एवढा स्वस्त तांदूळ दारात मिळत असेल तर मक्याला 2400 कोण देईल सांग मला. त्यात पीकही भरपूर आलं. कर्नाटकात तर नोव्हेंबरमध्ये मक्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, तिथल्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. म्हणजे हे आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सिल्लोड कन्नड पट्ट्यातलंच रडगाणं नाही.

आता तुझ्या क्वालिटीकडे येतो.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तू टीव्हीवर बघितलंस. कणसं झाडावरच ओली, काही ठिकाणी दाण्याला कोंब आले. सोंगणी केली तेव्हा दाण्यात वीस-बावीस टक्के ओलावा होता आणि खरेदीचा नियम आहे 14 चा. 14 च्या वर राहिला आणि ढीग लावला की आत गरम होतो, बुरशी धरते, आणि ती पिवळट हिरवी बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. ते डोळ्याला दिसतंच असं नाही, वरून दाणा सोन्यासारखा आणि आत विष, कोंबडीच्या लिव्हरवर जातं, हे तूच मला सांगितलंयस. आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमात धान्याला 15 पीपीबीची, म्हणजे अब्ज भागांत 15 भागांची मर्यादा आहे, युरोपवाले अजून कडक. म्हणजे क्वालिटीचा सगळा खेळ सोंगणीनंतरच्या आठ-दहा दिवसांत होतो, आणि त्या दिवसांत शेतकऱ्याकडे काय असतं तर ताडपत्री, डांबरी रस्त्याची कड आणि घरातली माणसं. आई आणि बायको दिवसभर पाय घालून घालून मका फिरवत होत्या, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायचा, सकाळी परत पसरायचा, मध्ये एकदा ढग आले तेव्हा शेजारचे पण धावत आले. ड्रायर म्हणशील तर आमच्या आसपास शेतकऱ्याला भाड्याने मिळेल असा एकही नाही.

एवढं करून आम्ही अर्धा माल 14 वर आणला. बाकीचा अर्धा पैशाची नड होती म्हणून तसाच घेऊन गेलो, अंदाजे विसाचा असेल. बाजारात काय होतं ऐक. व्यापारी येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली धरतो, फेकतो, आणि बोली बोलतो. बाजार समितीच्या ऑफिसात ओलावा मोजायचं मशीन आहे, मी स्वतः बघितलं, कपाटात आहे. मी म्हटलं मशीनवर मोजा, तर म्हणे लिलाव थांबेल, मागे गाड्या उभ्यात. वाळलेल्याला 1800 लागला, ओल्याला 1500. तीनशे रुपये ओलाव्याचे कापले.

आता हिशोब कर, तू माझ्यापेक्षा गणितात हुशार होतास. वीस टक्के ओलावा म्हणजे एका क्विंटलमध्ये कोरडा ऐवज 80 किलो. तोच माल 14 टक्क्यांवर आणला तर वजन भरतं 93 किलो. घट सात किलोची. 1800 च्या भावाने सात किलोचे होतात 126 रुपये. वाळवायची मजुरी आणि जोखीम म्हणून वर पन्नास-साठ धर, माझी ना नाही. तरी वरचे शंभर-सव्वाशे कशाचे? आणि पुढचं बघ, माझा वाळलेला आणि दुसऱ्याचा डागी माल त्याच शेडमध्ये एकाच ढिगात ओतला. मग कंपनीच्या गेटवर सँपल फेल झालं की तुम्ही लोक म्हणता शेतकऱ्याला क्वालिटी कळत नाही. अरे, कळते रे, पण ती ढिगात मिसळून टाकायची असेल तर मी कोणासाठी राखू?

कॅनडातली एक पद्धत मला फार आवडली. तिथे 1912 पासून धान्याचा कायदा आहे. शेतकरी गहू घेऊन एलेव्हेटरवर, म्हणजे धान्य घेऊन साठवणाऱ्या कोठारावर गेला आणि तिथल्या माणसाने लावलेली ग्रेड किंवा कापलेली घट त्याला पटली नाही, तर तो म्हणू शकतो की नमुना ग्रेन कमिशनकडे पाठवा. ती सरकारी संस्था, ती धान्य विकतही नाही आणि विकत घेतही नाही, ती जो निकाल देईल तो दोघांना मान्य करावा लागतो. बस एवढंच. मला यात काहीच अवघड दिसत नाही. आपल्याकडे पण ग्रेडिंगचा कायदा 1937 चा आहे, अॅगमार्कचा दर्जाचा शिक्का त्यातूनच आला, ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार 2016 मध्ये सुरू झाला तेव्हा लॅबची भाषा होतीच. कायदा नाही असं नाहीच, पण ढिगापाशी उभ्या असलेल्या माणसाला दाद मागायला जागा नाही.

आणि समजा उद्या सगळं झालं, ड्रायर आले, मशीन कपाटातून बाहेर आलं, तरी एक्स्पोर्टचा दरवाजा उघडा राहील याची गॅरंटी कोण देणार? 2022 चा एप्रिल आठवतो? जगाला गहू पुरवायला आपण तयार आहोत अशी भाषणं चालली होती, आणि 13 मे ला गव्हाची निर्यात बंद. जुलै 2023 मध्ये बिगर बासमती पांढरा तांदूळ बंद. त्याच डिसेंबरात कांदा बंद, तेव्हा माझ्या मेव्हण्याचा कांदा चाळीत होता, त्या घरात काय चाललं होतं ते मी बघितलंय. 2018 च्या कृषी निर्यात धोरणात स्थिर धोरणाची हमी दिली होती, पण नीट वाचलं तर बंदी घालणार नाही हा शब्द प्रक्रिया केलेल्या आणि सेंद्रिय मालाला आहे, साध्या धान्याला नाही. मक्यावर थेट बंदी आली नाही हे खरं. पण 2012-13 मध्ये आपण 47 लाख टनांच्या आसपास मका बाहेर पाठवला होता, 2022-23 मध्ये 34 लाख, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी निम्म्याच्याही खाली. का? तर इथेनॉलमुळे इथला भाव जगाच्या भावापेक्षा वर गेला. क्वालिटी एका वर्षात पडली असं काही नाही. व्हिएतनाम, मलेशियावाले काय थांबतात का, त्यांना ब्राझील आहे, अर्जेंटिना आहे. आपला फायदा एवढाच की आपण त्यांना जवळ आहोत, छोटी ऑर्डर पण देऊ शकतो, आणि आपला मका बिगर जीएम आहे, म्हणजे जनुकात बदल न केलेल्या बियाण्याचा. हे शेवटचं मला फार मोठं वाटतं. 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे वाणिज्य मंत्री म्हणाले ना की भारत आमचा मका का घेत नाही, तो तिकडचा बहुतेक जीएमच, तो आला तर आपलं हे एक नाणंही गेलं. खरंच काळजी वाटते मला याची.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्वालिटी मागा, जरूर मागा, पण मोजून मागा आणि मोजून पैसे द्या. ओलाव्याला किती कापायचे त्याचा तक्ता बाजाराच्या भिंतीवर लावा. मग बघ पोरं कशी वाळवून आणतात ते.

आता कामाचं. आम्ही गावातले काहीजण मिळून एक ओलावामापक घेतोय, आणि पुढच्या हंगामात 14 चाच माल वेगळा करून एकत्र विकायचा विचार आहे. तुमच्या लॅबमध्ये अफ्लाटॉक्सिन बघायची जी पट्टीची किट येते ती केवढ्याला पडते, किती दिवस टिकते, आणि सँपल ढिगातून कसं काढायचं हे जरा विचारून कळव, कारण वरवरचं सँपल घेऊन उपयोग नाही असं तूच म्हणाला होतास. आणि तुमच्या परचेसवाल्या साहेबांना विचार की टेस्ट केलेला एकगठ्ठा माल थेट गेटवर आणला तर बाजारापेक्षा क्विंटलला किती जास्त देतील. आकडा स्पष्ट विचार, बघू म्हणाले तर परत विचार. तो आकडा असला की मला इथे लोकांपुढे बोलता येईल. वहिनींना नमस्कार, काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते पण लिही.

तुझाच